व्यंकटरावांचा आग्रह

शिरड शहापुरात कुणाच्या घरी पंगत ठरली की यजमान आचाऱ्याच्या आधी व्यंकटरावांकडं यायचा. आचारी कुणी का असेना, वाढायला व्यंकटराव पाहिजेत. हे ऐकून नवऱ्याचं कौतुक करावं की कपाळ बडवून घ्यावं, हे शालूबाईला अर्धं आयुष्य सरलं तरी कळलं नव्हतं. चारचौघांत ती पदर सावरून हसायची. मनात मात्र म्हणायची, न्या बाबांनो, चांगले दोन दिवस ठेवून घ्या, तेवढाच घरच्यांच्या पोटाला आराम.

कारण हा गडी वाढायचा म्हणजे साधं वाढायचा नाही. बुंदीची परात कमरेला लावून पंगतीत शिरला की "नको, नको" म्हणणाऱ्याच्या पत्रावळीवर आधी बुंदी पडायची, मग विचारपूस व्हायची. कुणी आडवे हात धरले तर बोटांच्या फटीतून वरण सोडायचा. नव्या सोयऱ्याला लेकराची शपथ घालायचा, जुन्याला गेलेल्या बापाची. एका लग्नात तर यानं खुद्द नवरदेवाला इतकं चारलं की बिचाऱ्याला निघताना दोघांनी बगलेत धरून गाडीत बसवावं लागलं. लोक अजून ते सांगून हसतात. हसणाऱ्यांचं काय जातंय? त्यांना पंगत कधीमधी, शालूबाईच्या घरी ती रोज दोन वेळा.

घरी तरी माणसानं सुखानं चार घास खावेत, तर ते नाही. पोरगा स्वप्निल हळदीच्या रानाला पाणी द्यायला जायच्या गडबडीत असायचा, तेवढ्यात हे त्याच्या ताटात तिसरी भाकर टाकून मोकळे. सून मंजुषा नवी नवी होती तेव्हा सासऱ्यापुढं नाही म्हणायची लाज म्हणून सगळं खायची आणि मग मागच्या दारी पोट धरून बसायची. बरं, ताटात उरलं की राग यायचा तो पण यांनाच. अन्न टाकायचं नसतं, अन्नाचा शाप लागतो. घालणारे हेच आणि उरलं म्हणून डोळे वटारणारे पण हेच. मग ते उरलेलं जायचं कुठं? शालूबाईच्या पोटात. ती सगळ्यांच्या मागून नवऱ्याच्याच ताटात बसायची. त्याच्या ताटातली अर्धी भाकर, लेकरांनी टाकलेला भात, कढईच्या बुडाची भाजी, सगळं तिचं. भूक असो की नसो, भांडी रिकामी झाली पाहिजेत.

पन्नाशी उलटली तसे तिचे गुडघे कुरकुरायला लागले. हिंगोलीच्या डॉक्टरानं रक्त तपासलं, साखर काठावर आली म्हणाला, वजन कमी करा म्हणाला. झालं, गल्लीत घरोघरी डॉक्टर उगवले. कुणी म्हणे कारल्याचा रस घ्या, कुणी म्हणे मेथ्या भिजवून खा, कुणी म्हणे भात सोडा, एकीनं तर भाकरच सोडा म्हणून सांगितलं. भाकर सोडून शेतकऱ्याच्या बाईनं खायचं काय, धोंडे? तरी शालूबाईनं करून पाहिलं. सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी होतीच. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी व्यंकटराव स्वतःच्या हातानं तिच्यापुढं आणून ठेवायचे, आणि ती केवढी असायची ते सांगायला नको. काटा जागचा हलला नाही. तिनं कारलं सोडलं, आणि या विषयावर कुणी तोंड उघडलं की कामाचं निमित्त काढून उठून जायला लागली.

तिचं एक असो. ती कशीही निभावली असती. घोर होता तो लेकीचा.

पुनम नांदेडला दिलेली. तिच्या बाळंतपणात माहेरी जे व्हायचं तेच झालं. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शिरा, तूप, आणि वाढणारे वडील. पोरगी सासरी परत गेली ती सासूला ओळखू येईना, आणि सासूनं तसं तोंडावर बोलून दाखवलं. मग पुनमनं जे चालू केलं ते फोनवर ऐकूनच शालूबाईला घाम फुटायचा. एक महिना नुसतं सूप, मग नुसती फळं. मग पोळी-भात बंद आणि कसली तरी पावडर पाण्यात कालवून. वजन उतरायचं, सोयऱ्यांतली दोन लग्नं जेवून होईपर्यंत टिकायचं, आणि मग उतरलं होतं त्याच्या दीडपट चढायचं. दिवसभर उपाशी राहायची, संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून उभ्या उभ्या खायची आणि मग रडायची. शालूबाईला आधी रागच आला. धड खाता येईना, धड उपाशी राहता येईना, ही कुठली तऱ्हा म्हणावी?

शेवटी नांदेडातल्याच एका डॉक्टरबाईनं तिची ती सगळी सोंगं बंद करायला लावली. त्या बाईचं सांगणं ऐकून शालूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणे भूक लागली की खायचं, बसून खायचं, घरात शिजलं असेल ते खायचं, कशालाच पाप म्हणायचं नाही, आणि पोट भरलं की थांबायचं. लेकराला तर अजिबात जबरदस्ती करायची नाही. एवढं सांगायला शिकून सवरून दवाखाना टाकला? हे तर गोठ्यातल्या वासराला पण कळतं. पुनम म्हणाली की वासराला कळतं गं माय, मलाच कळत न्हाई, मला नव्यानं शिकावं लागून राहिलं. आणि पोरगी खरंच शिकली. वजन काही फार घटलं नाही, पण चेहरा निवळला. ताटावर बसली की मन लावून जेवायची आणि उठली की पुन्हा त्या जेवणाचं नाव काढायची नाही. चला, एकीचं तरी मार्गी लागलं, असं शालूबाईनं मनात म्हणलं.

पण मार्गी लागलेलं बिघडवायला घरात एक माणूस बसलेलाच होता.

मागच्या भादव्यात महालक्ष्म्यांना पुनम आपल्या लेकीला घेऊन आली. निलम तिचं नाव, तेव्हा नुकती पहिलीत गेलेली. महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे काय विचारता. सोळा भाज्या, पुरणाची पोळी, कढी, आंबील, भजी, वडे. निलमनं एक पोळी खाल्ली, भजी खाल्ली आणि बास म्हणाली. पुनम आत कढी गरम करत होती. व्यंकटरावांनी नातीला उचलून मांडीवर घेतलं. हा घास काऊचा, हा चिऊचा, हा महालक्ष्मीचा, आणि हा नाही खाल्लास तर देवी रुसून जाईल. लेकरू तोंड मिटायचं आणि हे गाल दाबून उघडायचे. शालूबाई समोरच होती. तिनं "अहो" म्हणलं, परत जरा जोरात म्हणलं. "अहो"नं थांबणारा हा माणूस असता तर आणखी काय पाहिजे होतं. शेवटी निलम देवीपुढंच भडाभडा ओकली, नैवेद्याच्या ताटावर शिंतोडे उडाले. आणि व्यंकटराव काय म्हणाले असतील? पोरीला दृष्ट लागली. असं म्हणून मीठ-मोहरी आणायला उठले.

पुनम कढी तशीच टाकून बाहेर आली. तिनं लेकीचं तोंड धुतलं, पिशवी भरली आणि विसर्जनाला न थांबता संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली.

दिवाळीला म्हणाली निलमला ताप आहे. संक्रांतीला जावयाला सुट्टी नव्हती. उन्हाळ्यात निलमचा पोहण्याचा वर्ग निघाला. व्यंकटरावांच्या काही लक्षात येईल तर शपथ. ते आपले डबे पाठवत राहिले. नांदेडकडं कुणी निघालं की त्याच्या हाती पिशवी, पिशवीत रव्याचे लाडू नाही तर शेंगदाण्याच्या पोळ्या. फोन लावला की पहिलं विचारणं ठरलेलं, निलम जेवली का, काय जेवली, किती जेवली. पुनम हूं हूं करायची आणि मायकडं फोन द्या म्हणायची.

आखाडात शालूबाईनं एकदा घरात कुणी नसताना फोन लावला आणि लेकीला गाठलंच. खरं काय ते सांग, तुला माझ्या गळ्याची आण आहे, म्हणाली. तेव्हा पुनमनं सांगितलं. निलम शाळेत डबा उघडत नाही. घरी ताट दिसलं की रडायला लागते. पाहुणे आले की आधी कानात विचारते, हे मला खाऊ घालणार का.

"माय, मी इतकी वर्षं ताटाला भेत जगले," पुनम म्हणाली. "लेकराला त्या वाटंनं न्हाई जाऊ देणार. बाबा थांबले तर मी येईन. न्हाई तर महालक्ष्म्या तुमच्या तुमी उभ्या करा, ह्या वर्षी बी आन् पुढं बी."

शालूबाईनं फोन ठेवला. लेक माहेराला पारखी होणार, नात आजोळ विसरणार, आणि कशापायी, तर पुरणपोळीपायी. भावकीत माणसं बांधावरून तुटतात, सोयऱ्यांत मानपानावरून तुटतात. खाऊ घालण्यावरून घर तुटल्याचं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. हे सांगावं तरी कुणाला? सांगितलं तर लोक म्हणतील, बाई, तुझं नशीब की खाऊ घालणारा माणूस मिळाला.

तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. व्यंकटराव आधी समजलेच नाहीत आणि समजले तेव्हा भडकले. मी काय मारलं का तिला, चारलं, चारणं गुन्हा झाला व्हय, म्हणाले. त्या डॉक्टरबाईचा उद्धार केला, नांदेडच्या पाण्याचा केला, आजकालच्या बफे जेवणाचा केला. माणसानं ताट हातात घेऊन भिकाऱ्यासारखं रांगेत उभं राहायचं, हे ज्यांना चालतं त्यांना आग्रहाची काय किंमत? दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी महालक्ष्मीची शपथ घेऊन म्हणाले की आजपासून कुणालाच आग्रह करणार नाही.

ती शपथ पुढच्या जेवणापर्यंत टिकली. जवळा बाजारचे सोयाबीनचे व्यापारी गुलाबचंद बोलणी करायला आले आणि चहा पिऊन निघतो म्हणाले. त्यांना व्यंकटरावांनी हाताला धरून बसवलं, आणि शेटजी वांग्याची भाजी, धपाटे, दही आणि वर शिरा खाऊन ढेकर देत, घाम पुसत गेले. शालूबाईनं जाब विचारला तर म्हणाले, तो पाहुणा होता, पाहुण्याचं शपथेत नव्हतं.

मग तिनं घरच्या घरी शिकवणी लावली. मंजुषा बास म्हणाली की पळी मागं. पळी मागं गेली खरी, पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. आता ते सुनेच्या ताटाकडं बघत उसासे टाकायला लागले. बोलायचे काही नाही, नुसतं "बरं" म्हणायचे, आणि त्या एका "बरं"नं मंजुषाच्या घशात घास अडकायचा. ती म्हणाली, आत्याबाई, ह्याच्यापेक्षा वाढलेलं परवडलं. एकदा वैतागून शालूबाईनं जशास तसं करायचं ठरवलं. नवऱ्याला पाटावर बसवलं आणि पोळीवर पोळी घातली, लेकराची शपथ घातली, त्याच्या मेलेल्या आईची घातली, नको म्हणाले तरी तुपाची धार सोडली. म्हणलं बघू दे कसं वाटतं ते. व्यंकटराव सगळं चाटूनपुसून जेवले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, अशी वाढत जा की गं रोज. मंजुषा तोंडाला पदर लावून आत पळाली. शालूबाईला वाटलं, उठून सरळ विहीर गाठावी.

पोळा झाला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या आणि पुनमचा होकार काही येईना. तेव्हा एका सकाळी व्यंकटराव कुणाला न सांगता नांदेडला गेले. जाताना स्टीलचा मोठा डबा भरून करंज्या नेल्या, मंजुषाला आदल्या दिवशी करायला लावलेल्या. शालूबाईला कळलं तेव्हा एसटी कधीच गेली होती. तिनं डोक्यालाच हात लावला. आता उरलंसुरलं पण हा माणूस बुडवून येणार.

दिवेलागणीच्या आत ते परत आले. डबा तसाच भरलेला होता. ओट्यावर बसले, हातपाय धुतले नाहीत, जेवायला चला म्हणलं तर नको म्हणाले. त्यांच्या तोंडून "नको" हा शब्द शालूबाई पहिल्यांदाच ऐकत होती. ती भांडायची म्हणून आली होती, ती शेजारी टेकली.

"निलमनंच दार उघडलं," व्यंकटराव म्हणाले. "मला पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आन् दोन्ही हातानं तोंड झाकलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते शालूबाईला एवढ्या संसारात कधी कळलं नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळात ते लहान होते. घरात सरकारी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकर व्हायची, ती पण मोजकी. त्यांची माय सगळ्यांना वाटून द्यायची आणि स्वतःचा चतकोर ह्यांच्यापुढं सरकवून म्हणायची, बास, माझं पोट भरलं. लेकराला काय कळतंय, त्यांनी खरं मानलं आणि खाल्लं. ती त्याच सालात गेली. पोटदुखीनं गेली म्हणून सांगायचे. मोठेपणी कळलं की ते पोट कधी भरलेलंच नव्हतं.

"तवापासून बास म्हणणारं माणूस मला खोटंच वाटतं," ते म्हणाले.

शालूबाईला आधी भरून आलं आणि लगेच संताप आला. एवढी वर्षं तिनं उष्ट्याचे डोंगर गिळले, सुनेचं पोट बिघडलं, लेकीच्या जेवणाचं मातेरं झालं, नात भ्यायली, आणि हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता? एका शब्दानं सांगितलं असतं तर? तिला चांगलं कडाडून बोलायचं होतं. पण समोर बसलेल्या माणसाचे खांदे पाहून तोंडातून निघेना, आणि निघेना म्हणून ती आणखीच चिडली.

"तुमच्या मायनं खोटं सांगितलं कारण घरात नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "आपल्या घरात हाय. लेकरू कशाला खोटं बोलेल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पुनमला फोन लावला. काय बोलले ते शालूबाईला ऐकू आलं नाही, ते अंगणाच्या पार टोकाला जाऊन बोलत होते. आत आले तेव्हा एवढंच म्हणाले की येते म्हणली, फक्त जेवणाच्या दिवशी, संध्याकाळी माघारी जाणार.

म्हणजे सगळं त्या एका जेवणावर आलं. शालूबाईनं सोळा भाज्या निवडल्या, पुरण वाटलं, पण ध्यान सगळं नवऱ्याकडं. हा आता काय करील? ह्याचा हात आपल्याच्यानं आवरेल का? मंजुषा म्हणाली मामंजींना त्या वेळी शेतात पाठवू. स्वप्निल म्हणाला मी त्यांच्या शेजारी बसतो आणि गुडघा दाबून धरतो. शालूबाई म्हणाली काही नको, जे व्हायचं ते समोरच होऊ द्या, एकदाचा काय तो निकाल लागू द्या.

पुनम दुपारी आली. निलम तिच्या ओढणीला धरून मागं मागं. व्यंकटरावांनी दुरूनच ये बाळा म्हणलं आणि हात मागं बांधून उभे राहिले. ते उभं राहणं इतकं अवघडलेलं होतं की शालूबाईला तशातही हसू आलं.

नैवेद्य झाला, आरती झाली, ताटं मांडली. पुनमनं निलमचं ताट रिकामंच ठेवलं आणि म्हणाली तुला पाहिजे ते तू घे. निलमनं आधी आजोबांकडं पाहिलं. मग एक भजं घेतलं, वाटीभर कढी घेतली, एक पोळी घेतली. बस्स, एवढंच. व्यंकटराव तुपाची वाटी घेऊन वाढत होते. स्वप्निलला वाढलं, पुनमला वाढलं, तिनं पुरे म्हणताच चमचा उचलला. निलमपाशी आले. तिची अर्धी पोळी खाऊन झाली होती. आजोबा जवळ येताच तिनं घास ठेवला आणि दोन्ही तळवे ताटावर पसरले.

तुपाचा चमचा सवयीनं पुढं गेलेला होता, तो तिथंच थांबला. एक थेंब पाटावर पडला.

"बास का?" व्यंकटरावांनी विचारलं.

निलमनं मान हलवली.

"बरं," ते म्हणाले. या वेळी त्यात उसासा नव्हता. ते पुढं सरकले, मंजुषाला वाढलं, वाटी घेऊन मागच्या दारी गेले आणि तिथंच थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले. निलम आजीकडं बघत होती, आईकडं बघत होती, पुढं आणखी काही होणार म्हणून वाट बघत होती. पुढं काहीच झालं नाही. तिनं तळवे उचलले आणि कढी प्यायली.

पुनम पोटभर जेवली. तिनं आणखी एक पोळी मागून घेतली आणि वडे नको म्हणाली, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच सहज म्हणाली. हात धुऊन आल्यावर तिनं नवऱ्याला फोन लावला. विसर्जन करूनच येते, म्हणाली. शालूबाईनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि भिंतीला हात टेकला. देवीपुढं पाया पडायला जावं असं वाटलं, पण समोर भांड्यांचा ढीग होता. आधी आटपून घ्यावं म्हणून तिनं निलमचं ताट ओढलं, त्यातल्या उरलेल्या अर्ध्या पोळीशेजारी स्वप्निलनं टाकलेला भात ओतला आणि खाली बसली.

व्यंकटराव मागच्या दारातून आत आले. त्यांनी ते ताट तिच्यापुढून उचललं. फडताळातून धुतलेलं कोरं ताट काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"किती वाढू?" त्यांनी विचारलं.

शालूबाई चिडली. दिवसभर जीव टांगणीला लागलेला, कंबर मोडलेली, आणि ह्यांना आता नाटकं सुचत होती. "मला काय इचारता? घाला काय बी," ती म्हणाली.

त्यांनी घातलं नाही. पोळ्यांची दुरडी हातात घेऊन उभेच राहिले. "तुला भूक किती हाय?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला उत्तरच सापडेना. भूक किती आहे? असं कुणी विचारतं का? कढईत किती उरलं ते तिला ठाऊक होतं, कोण किती खातं ते ठाऊक होतं, गोठ्यातल्या म्हशीची भूक तिला आवाजावरून कळायची. हे मात्र ठाऊक नव्हतं. सोमवार-गुरुवार केले, कारलं प्यायली, डॉक्टर झाले, आणि एवढी साधी गोष्ट कुणी विचारली नव्हती, तिनं स्वतः पण नाही. तिचा राग कुणावर काढावा तेच तिला कळेना आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "वाढा," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "मी थांबा म्हणलं की थांबा."

त्यांनी एक पोळी वाढली. भाज्या थोड्या थोड्या वाढल्या, कढी वाढली. ती थांबा म्हणाली आणि ते थांबले. मग ती सावकाश जेवायला लागली. पोळी गरम होती. महालक्ष्मीची गरम पोळी तिनं लग्नाआधी खाल्ली असेल. पुनम उंबऱ्यात येऊन उभी राहिली, मंजुषा भांडी तशीच टाकून बसली.

निलम आजीसमोर येऊन मांडी घालून बसली. थोडा वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिली. ताटातली पोळी संपली तेव्हा तिनं विचारलं, "आजी, पोट भरलं?"

व्हय, भरलं, हे शब्द शालूबाईच्या ओठांवर आलेच होते. तिनं वर पाहिलं. व्यंकटराव दुरडी धरून उभे होते आणि ती जे म्हणेल ते खरं मानणार होते.

"न्हाई," शालूबाई म्हणाली. "मला अजून भूक हाय."